मानाचा कूलर

मनोज नको म्हणाला म्हणजे त्याला खरंच नको असतं. एवढी साधी गोष्ट सासरच्या माणसांना समजायला अकरा वर्षं गेली आणि एक लग्न मधे यावं लागलं.

दोष तरी कुणाला द्यावा. त्याचं सासर भिवंडीजवळचं कोन, आणि कोनला रीतच अशी, की जावयाने पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तरी मान हलवायची ती आडवीच. तिसऱ्यांदा विचारलं की खाली बघत, बरं, तुमची मर्जी, असं पुटपुटायचं. मनोजच्या घरी, कामतघरला, काही वेगळी रीत आहे असं नाही, मनोजलाही हे सगळं ठाऊक. पण तो तिसऱ्यांदाही नकोच म्हणायचा, कारण त्याला नको असायचं. वाढलेलं त्याला पुरायचं, दिलेला सदरा त्याला व्हायचा. त्याचे सासरे केसरीनाथ शेजारच्याला सांगायचे, "आमचा जावय लय मानी हाय," आणि त्याच्या ताटात आणखी एक पापलेट टाकायचे. मनोज ते खायचा आणि घरी येऊन ओवा चावत बसायचा.

कामतघरला त्याच्या वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. लूम चालू होते तोवर घरात हळू कुणी बोललंच नाही, बोलून उपयोग नव्हता. पुढे लूम भंगारात गेले, शेडमध्ये दुसऱ्याच कुणाची सुताची खोकी भाड्याने राहायला आली, तरी घरातली माणसं सवयीने ओरडतच राहिली. एकटा मनोज गप्प. लहानपणी त्याने जे जे सांगितलं ते आवाजात बुडून गेलं, तेव्हा त्याने सांगणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. नुसतं बघणाऱ्या माणसाला धंदा कुठला जमणार? तो कॅमेरावाला झाला.

हळदी आणि लग्नं, हेच त्याचं काम. शेडच्या माळ्यावर खोली आहे, तिला तो स्टुडिओ म्हणतो. आपल्याकडे लग्न एका पारड्यात आणि हळद दुसऱ्या, तर हळदीचंच पारडं खाली जातं. मनोज तिथे मांडवाच्या खांबासारखा उभा राहतो. तो आहे हे लोक विसरतात, म्हणून त्याच्या व्हिडिओत माणसं खरी दिसतात. एका हळदीत त्याने एका म्हाताऱ्याला दाखवलं होतं, सगळे नाचत असताना तो एकटाच बसून पायाच्या अंगठ्याने ताल धरत होता. म्हातारा वारला तेव्हा त्याच्या पोरांनी तेवढाच तुकडा मागून नेला. असलं बघणं शिकवून येत नाही. पण सासरी कुणी विचारलं तर केसरीनाथ सांगायचे, "तो काहीतरी कॉम्प्युटरचा करतो," आणि बोलणं गोडाऊनकडे वळवायचे.

केसरीनाथांची गोडाऊनं मानकोलीला. पूर्वी तिथे त्यांचं भात पिकायचं, आता मोठाले ट्रक उभे राहतात. माणूस मनाने मोकळा, हात सैल, कान तेवढे जरा बंद.

तर त्यांच्या मुलाचं, प्रितमचं, लग्न ठरलं. हल्ली नवीन निघालंय, आदल्या दिवशीच्या हळदीची फिल्म दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात मोठ्या पडद्यावर दाखवायची. मनोजची बायको विनिता प्रितमची थोरली बहीण. तिने भर बैठकीत, मुलीकडच्यांच्या देखत सांगून टाकलं, "फिल्म आमच्याकडे लागली. हे करतील." मनोज शेजारीच बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर त्याला आवडलं. अख्खं कोन पडद्यासमोर बसणार, आणि मग तो काय करतो ते एकदाचं सगळ्यांना दिसणार. दिसलं तर. पडदा काळा राहिला तर तेही सगळ्यांना दिसणार होतंच.

ही भीती उगाच नव्हती. त्याच्या कॉम्प्युटरला ताप येत होता.

नवा कॉम्प्युटर घेणं झेपेना, म्हणून त्याने आहे त्याचाच प्रोसेसर जोरात पळवायला लावला होता. प्रोसेसर म्हणजे त्यातला डोकं चालवणारा चौकोन, बिस्किटाएवढा. कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा त्याला जास्त पळवायचं, याला कॉम्प्युटरवाले ओव्हरक्लॉक म्हणतात. कामतघरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लूमच्या मोटरची पुली बदलून लूम जास्त पळवायचे, तसंच. कापड जास्त निघतं, आवाज वाढतो, आणि काही मोडलं तर कंपनी म्हणते आमचा संबंध नाही. प्रोसेसर जास्त पळाला की जास्त तापतो. त्याच्या डोक्यावर जो मूळचा पंखा होता तो आता म्हाताऱ्या माणसासारखा कण्हत फिरायचा. पंख्याला ताप आवरेना झाला की कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. आणि फिल्म अर्धी झाली म्हणून काही उपयोग नसतो, पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

मनोजने त्याच्यासाठी नवीन कूलर शोधायला घेतला. खोलीत ठेवतात तो नव्हे, प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा. खाली तांब्याच्या नळ्या, वर पातळ पत्रे एकावर एक, चिरोट्याचे पदर असावेत तसे, आणि बाजूला पंखा. नळ्यांनी उष्णता वर ओढून घ्यायची, पत्र्यांनी ती पसरायची, पंख्याने उडवून लावायची. हा निवडायला मनोजने जेवढा विचार केला तेवढा त्याने बायको निवडताना केला नव्हता. तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पाण्याचेही कूलर मिळतात. पण वीज आणि पाणी एकाच खोक्यात ठेवायचं त्याला पटेना, आणि किंमत ऐकल्यावर तर पटवून घ्यायचं कारणच उरलं नाही. रंगीत दिवे लागणारे होते. दिव्यांनी गार होत नाही, महाग होतं. काहींचे पत्रे अगदी दाट, एकाला एक चिकटून. ते दुसरीकडे ठीक, पण शेजारच्या शेडमध्ये अजून लूम चालतात, कापसाचे बारीक तंतू उडत जिन्याने वर येतात आणि जिथे फट दिसेल तिथे घर करतात. दाट पत्र्यांत महिन्याभरात गादी भरली असती. म्हणून पत्रे थोडे लांब लांब हवेत. पंखा नेहमीच्या मापाचा हवा, म्हणजे बिघडला तर तेवढाच बदलता येईल. आणि उंची. विनिताची ब्लाउजची टेप घेऊन त्याने कॉम्प्युटरच्या खोक्याच्या आतली जागा मापली, पुन्हा मापली. एवढं सगळं बघून एकच उरला. चार नळ्यांचा, एका पंख्याचा, राखाडी, दिसायला अगदीच गरीब. दोन हजारांच्या आत मिळत होता. कामतघरच्या नाक्यावर त्याचा मित्र नवशा कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, त्याच्याकडे तो होताही.

नवशा म्हणाला, "हाच घे. डोळे झाकून घे."

मनोज घेणारच होता. पण त्याआधीच आक्का आली.

आक्का म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच असते, आणि कोनच्या त्या घरात कुठली रीत कशी व्हायची ते ती ठरवते. विधवेने कुंकवाला हात लावू नये, ही रीत तिनेच मोडीत काढली. हळदीच्या मांडवात थोरल्या जावयाला मान द्यायचा असतो. काय द्यायचं ते आधी विचारून ठेवायचं म्हणून ती लाडवांचा डबा घेऊन आली होती.

"जावयबापू, मानाचा काय पायजे?"

आणि मनोज, ज्याने आजवर कधी काही मागितलं नव्हतं, पहिल्याच विचारण्याला म्हणाला, "एक कूलर पाहिजे. लहानसा."

विनिताच्या हातातला चहा तिथेच थांबला.

आक्काला त्याने खोक्याची बाजू उघडून दाखवली. "हे याचं डोकं. याला ताप येतो. वर हे बसवलं की उतरेल."

"मंजे मिठाच्या पान्याच्या पट्ट्या."

"तसंच. पाणी तेवढं नाही."

"केवढ्याला?"

मनोजने सांगितलं. आक्का त्याच्याकडे बघतच राहिली. मग विनिताकडे वळून म्हणाली, "घरातला कुत्रा आजारी पडला तरी डॉक्टर याच्यापेक्षा जास्त घेतो गो."

"लहानच बसतो आक्का," मनोज म्हणाला. "मोठा बसणार नाही."

आक्काने मान डोलावली. ती काय समजली ते नंतर कळलं. तिने घरी जाऊन भावाला सांगितलं, की जावयाने अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तेही पहिल्या विचारण्याला, म्हणजे त्याला वस्तू किती हवी असेल बघ. लहान म्हणतो तो त्याचा चांगुलपणा. आपण काय ते समजून घ्यायचं.

केसरीनाथांनी समजून घेतलं. पांढरा सदरा, गळ्यात चेन, अशा थाटात ते मनोजला घेऊन नवशाच्या दुकानात गेले. नवशाने राखाडी कूलर काढून समोर ठेवला. केसरीनाथांनी तो तळहातावर घेऊन वरखाली केला. भिवंडीत सूत किलोवर, चिंध्या किलोवर, मोडीत काढलेला लूमसुद्धा किलोवरच जातो, तेव्हा वस्तूची परीक्षा हातात घेऊनच व्हायची.

"हलका हाय," ते म्हणाले. "ह्याच्यात काय न्हाय."

मग त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे दोन बुरुजांचा, दोन पंख्यांचा, काळाभोर, दिवे लागणारा एक कूलर होता. नवशाने तो विकायला नव्हे, दुकान भरलेलं दिसावं म्हणून ठेवला होता. केसरीनाथांनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. चांगला जड होता.

"हा दे."

"शेठ, हा यांच्यात बसणार नाही," नवशा म्हणाला.

"डबा मोठा घेवू."

"नुसता डब्याचा प्रश्न नाही. शेजारी मेमरीच्या पट्ट्या उभ्या असतात, त्यांना आडवा येईल."

"मामा, खरंच नको," मनोज म्हणाला. "तो लहानच बरोबर आहे."

केसरीनाथ हसले. "नवशा, मी पन धंदा करतो. महाग वस्तू घेऊ नको असा सांगनारा दुकानदार मी आजपातूर बघला न्हाय. जावयानी पढवलाय तुला."

नवशाने मनोजकडे बघितलं. मनोजने आणखी दोनदा नको म्हटलं. केसरीनाथांनी ते मोजून घेतलं आणि तिसऱ्यांदा झाल्यावर, रीत पूर्ण झाली असं समजून, पाकीट काढलं.

हळदीच्या दिवशी मान देण्यात आला. पितळी ताट, नारळ, टोपी-टॉवेल, आणि मधोमध कूलरचं खोकं, त्यावर आक्काच्या हाताने कुंकवाची पाच बोटं. मनोजने कॅमेरा तिकाटण्यावर लावला, हात पुसले, पाटावर येऊन बसला, मान घेतला, उठला आणि परत कॅमेऱ्यामागे गेला. ताट घेताना तो सासऱ्यांना म्हणाला, "मामा, हा बसणार नाही." धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बायांनी एकमेकींकडे बघून डोळ्यांनी म्हटलं, काय वळण आहे बाई.

कूलर खोक्यातून बाहेर निघाला आणि बायांच्या हातोहात फिरला. कुणी म्हणालं, भारी हाय. एकीने विचारलं, ह्याच्यात शिजवतात काय. दिवे लागत नव्हते म्हणून डीजेवाल्याने आपला निळा दिवा त्याच्यावर सोडला. केसरीनाथांनी माइक हातात घेऊन मुलीकडच्या मंडळींना सांगितलं, "उद्याची फिल्म आमच्या ह्याच कूलरवर व्हनार. आनि उद्या पाव्हन्यांना स्टुडिओत न्हेऊन मी सोता दाखवनार."

हळद मात्र सुरेख झाली. मनोजने खूप टिपलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तो माळ्यावर आला. विनिता करवली, ती कोनलाच राहिली होती. त्याने कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, जुना पंखा काढला आणि काळा कूलर जागेवर धरून बघितला. तो मेमरीच्या पट्ट्यांवर जाऊन टेकला. फिरवून धरला, मागच्या बाजूला टेकला. पट्ट्या काढल्या तर बसत होता, पण पट्ट्यांशिवाय फिल्म होत नाही. आणि बाजूचं झाकण तर कुठल्याच तऱ्हेने लागेना, चार बोटं बाहेर. मनोजला याचं आश्चर्य वाटलं नाही. त्याने हे सगळं टेपने मापलेलं होतं.

त्याने जुना पंखा परत बसवला आणि कापून जोडलेल्या तुकड्यांची फिल्म तयार करायला लावली. अर्ध्याच्या आसपास कॉम्प्युटर बसला. टेबलफॅन आणून उघड्या खोक्यावर लावला. या वेळी थोडा पुढे जाऊन बसला.

त्याने नवशाला फोन केला. नवशा म्हणाला, "स्पीड कमी कर. कंपनीचा होता तेवढा ठेव."

"मग फिल्म उद्या होईल."

"तर मग लहान घेऊन जा. मोठा मी परत घेतो. शेठना सांगतोस कशाला?"

मनोजने विनिताला फोन लावला. मागे सनई वाजत होती. "लहान विकत आणून बसवतो," तो म्हणाला.

"आणि बाबांनी दिलेला कुठे ठेवाल? कपाटावर? ते पाहुणे घेऊन बघायला येणार आहेत. कुंकू लावून दिलेली वस्तू तुम्ही मागल्या मागे दुकानात दिलीत हे कळलं तर फिल्म चार दिवसांत विसरतील, हे नाही विसरणार." मग ती म्हणाली, "इथे या आणि सरळ सांगा."

"सरळच सांगतोय ना केव्हाचा."

"या तरी."

तो स्कूटरवरून कोनला गेला. मांडवात धावपळ चालली होती. केसरीनाथ केळीचे खांब बांधून घेत होते.

"मामा, तो कूलर बसत नाही."

"बसंल रे. नवीन हाय. नवीन चप्पल पन आधी घट व्हते."

"मापाने बसत नाही, मामा."

"बरा बरा. चा घेतलास?"

"फिल्म होणार नाही अशाने."

केसरीनाथांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "किती मान राखशील माजा," म्हणाले, आणि त्याच्या हातात बुंदीचा लाडू ठेवून खांबाकडे वळले.

मनोज लाडू हातात धरून उभा राहिला. विनिता आतून आली, भरजरी शालूत, मुंडावळ्यांसाठी आणलेली दोन फुलं तशीच हातात. तिने त्याला बाजूला घेतलं.

"रुसा," ती म्हणाली.

"काय?"

"जावयाला रुसायचा हक्क असतो. रुसलेला जावई जे मागेल ते द्यावंच लागतं. माझ्या चुलत बहिणीच्या, मृणालीच्या, नवऱ्याने माझ्या चुलत्याकडून गाडी काढली रुसून. तुम्ही एकदाही नाही रुसलात."

"मला येत नाही."

"येत नाही काय? तोंड बंद ठेवायचं, कुणाकडे बघायचं नाही, कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही. तुमचा जन्म गेला त्यात."

मनोज मांडवाच्या कडेला खुर्चीवर जाऊन बसला आणि रुसला. बराच वेळ गेला. कुणाला काही कळलं नाही. तो नेहमी तसाच बसायचा. एकाने चहा आणला, त्याने घेतला नाही, तर तो म्हणाला, बरं, नंतर घ्या, आणि पुढे गेला. एका मामीने तर जाता जाता त्याच्या मांडीवर आपलं रडणारं पोर ठेवलं. शेवटी विनितानेच मधोमध उभं राहून सांगितलं, "आक्का, जावई रुसलेत."

मांडव थांबला.

आक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की तिने तो पदराने झाकला. मागून आणखी बाया आल्या. पोर उचलून घेण्यात आलं. खुर्चीखाली सतरंजी सरकवली गेली. रुसवा म्हणजे रुसवा, तो नीट व्हायला पाहिजे.

"जावयबापू, कना रुसलाव? आमचा काय चुकला?"

मनोज काही बोलला नाही. हे त्याला चांगलं जमलं.

केसरीनाथ आले. तेही खूश होते, पण कपाळाला आठी घालायची असते म्हणून घातली. "अंगठी करू काय?"

मनोजने मान आडवी हलवली.

"गाडी? मृणालीच्या नवऱ्याच्या गाडीपेक्षा मोठी?"

"लहान कूलर," मनोज म्हणाला.

मागची कुणीतरी म्हणाली, काय मागतोय गो?

"मोठा परत घ्या आणि लहान द्या. राखाडी."

केसरीनाथांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दोन घे. मोठा बी ठेव नि ल्हान बी घे."

"मोठा परत घ्या."

"अरे, पन दिलेला मान कुनी परत घेतो काय? आनि त्याच्याहून हलका द्याचा? माज्या पोरीच्या नवऱ्यानी भर मांडवात माज्याकडून स्वस्तातला घेतला, असा लोका बोलतील."

"वाढवून मागतात, हे उतरून मागतायत," मृणालीचा नवरा म्हणाला. तो या विषयातला जाणकार, त्याचंही डोकं चालेना.

मनोज खुर्चीवरून उठला नाही. रुसलेल्याने उठायचं नसतं, विनिताने बजावलं होतं. पण तो बोलला, आणि शेडमध्ये वाढलेल्या माणसाचा आवाज काय असतो ते कोनला तेव्हा कळलं.

"मामा, संध्याकाळी पडदा काळा राहिला तर लोक काय बोलतील? तुमचा कूलर मोठा आहे, भारी आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. माझ्या डब्यात तो बसत नाही. हे मी तुम्हाला दुकानात सांगितलं, ताट घेताना सांगितलं, आत्ता खांबापाशी सांगितलं. मी नको म्हणतो ते रीत म्हणून नाही म्हणत. मला नको असतं म्हणून म्हणतो. दर वेळी. पापलेटसुद्धा."

केसरीनाथांनी विचारलं, "पापलेट पन?"

"पापलेट पण."

"अकरा वर्सं?"

मनोजने मान हलवली, या वेळी उभी.

केसरीनाथ आक्काकडे वळले. त्यांना कुणीतरी सोडवायला हवं होतं. आक्का विचार करून म्हणाली, "रुसलेला जावय मागंल ते द्याचा, ही रीत. जास्तच मागला पायजे अशी रीत मी तरी ऐकली न्हाय." आणि कुंकवाचा करंडा आणायला आत गेली. कुंकू दुसऱ्या खोक्याला लावायला लागणार होतं.

"चल," केसरीनाथ म्हणाले, आणि गाडीची चावी काढली.

कोन ते कामतघर, वाटेत ट्रकच ट्रक. एका ट्रकमागे अडकले तेव्हा केसरीनाथ म्हणाले, "दिवालीला सदरा दिला तो तरी?"

"सदरा आवडला होता."

"बरा."

नवशाने काळा घेतला, राखाडी दिला आणि उरलेले पैसे पुढे केले. केसरीनाथांनी राखाडी कूलर पुन्हा तळहातावर तोलला. हलका म्हणायला ओठ हलले, पण त्यांनी उरलेले पैसे खिशात टाकले. आक्काने कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं कुंकू त्यांनी तिथेच खोक्याला लावलं. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, आमच्या माउसला पण लावा.

माळ्यावर मनोजने प्रोसेसर कापडाने पुसला, वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, कूलर वर टेकवला आणि चार स्क्रू आलटून पालटून आवळले, एका बाजूला कलू नये म्हणून. मेमरीच्या पट्ट्यांना कुठे धक्का लागला नाही. झाकण लावलं, ते टक् करून लागलं. केसरीनाथ तोवर कोपऱ्यातल्या स्टुलावर, हात मांडीवर ठेवून बसले होते. इतका वेळ ते या खोलीत आजवर बसले नव्हते.

फिल्म तयार होऊ लागली. कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता.

"ता काय?"

"ताप. नव्वदच्या वर गेला की बंद पडतो."

"आता किती?"

"अडुसष्ट."

केसरीनाथांनी स्टूल पुढे ओढलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. आक्का होती. "काय झाला रे?"

"अडुसष्ट हाय."

"काय अडुसष्ट?"

"ताप. आता एकाहत्तर."

"अगो बाई. मंजे चांगला का वायट?"

"चांगला. नव्वदला जातो."

"कोन जातो?" असं मागून कुणीतरी घाबरून विचारलेलं ऐकू आलं, आणि आक्का मांडवाला समजावून सांगू लागली.

त्यानंतर दर थोड्या वेळाने फोन. एकदा आचाऱ्याने विचारायला सांगितलं होतं. एकदा नवऱ्या मुलाने, अंगाची कालची हळद अजून निघालेली नसताना. पंचाहत्तर झाला तेव्हा केसरीनाथांनी स्वतःहूनच फोन केला. मग बराच वेळ आकडा शहात्तरवर थांबला. ते श्वास धरून बघत होते, गोडाऊनच्या केसच्या निकालाला बसले होते तेव्हा असे बसले असतील. मनोजने त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. मनोजने पुन्हा विचारलं नाही, एकटाच प्यायला.

"अरे," केसरीनाथ म्हणाले, "मी रीतीनं नको बोललो."

मनोजने आणखी एक कप आणला.

फिल्म पूर्ण झाली, शहात्तरच्या वर ताप गेला नाही. दोघे वेळेत मांडवात पोचले.

संध्याकाळी अक्षता पडल्यावर पडदा लागला. कोनने स्वतःला नाचताना बघितलं. धवला गाणारी म्हातारी एका ओळीला अडली होती आणि दुसरीने ती ओळ नकळत उचलून घेतली होती, ते मनोजने टिपलं होतं. आक्का कुंकवाची बोटं उठवताना जीभ दाताखाली धरते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रितमला हळद लावताना केसरीनाथांनी त्याच्या गालावर हात ठेवला आणि तो उचलायला क्षणभर विसरले, तेही होतं. पुढच्या रांगा हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, पुन्हा लावा.

पुन्हा लावली.

नवरीचे वडील केसरीनाथांशेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणी केली ही?"

"आमचा जावय," केसरीनाथ म्हणाले. कॉम्प्युटरचं काहीतरी, असं म्हणाले नाहीत. "सकाली रुसला व्हता."

"अरे वा. मग काय दिलंत? गाडी?"

"गाडी देत व्हतो, घेतली न्हाय." केसरीनाथांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "त्याला कमीच लागतो. आनि कमी दिल्याबिगर तो उठत न्हाय."